मूठभरांचं नशीब

ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात सिमिलीपालचं जंगल आहे. सालाची उंच झाडं, डोंगर, धबधबे आणि वाघ. या वाघांपैकी बरेचसे काळे दिसतात. काळ्या बिबट्यासारखे नखशिखान्त काळे नव्हेत. वाघाच्या अंगावरचे नेहमीचे पट्टेच इथे इतके रुंद होतात की एक पट्टा शेजारच्या पट्ट्यात मिसळतो आणि पिवळा रंग मधल्या फटींतून तेवढा डोकावतो. २०२२च्या व्याघ्रगणनेत सिमिलीपालमध्ये सोळा वाघ नोंदले गेले; त्यांतले दहा असे होते. ताडोबात असा वाघ नाही. मेळघाटात, पेंचमध्ये, कान्हात, सुंदरबनातही नाही. रानात मोकळे फिरणारे असे काळे वाघ पाहायचे, तर आज सिमिलीपाललाच जावं लागतं.

वाघ तोच, देश तोच, मग रंग तिथेच का बदलला? चटकन सुचणारं उत्तर असं, की सिमिलीपालचं रान दाट आणि काळोखं आहे, तिथे काळ्या वाघाला दबा धरणं सोपं जातं, म्हणून काळे वाघ टिकले आणि वाढले. शाळेत शिकलेला डार्विन आपल्याला हेच सांगतो. पण काळोख एवढंच कारण असतं, तर पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांतले वाघ आधी काळे व्हायला हवे होते.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाघांचा जनुकीय अभ्यास केला. तो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. 'टॅकपेप' नावाच्या एका जनुकात एका जागी झालेला बारीकसा बदल या काळ्या रंगाच्या मुळाशी आहे. याच जनुकातल्या वेगळ्या बदलांमुळे काही मांजरांच्या अंगावर पट्ट्यांऐवजी मोठे डाग येतात आणि चित्त्यांमध्ये 'किंग चीता' निपजतो. प्रत्येक प्राण्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच वाघ काळा दिसतो. संशोधकांनी देशभरातले आणि प्राणिसंग्रहालयांतले मिळून जवळपास चारशे वाघ तपासले. सिमिलीपालबाहेरच्या एकाही रानातल्या वाघात ही बदललेली प्रत सापडली नाही. सिमिलीपालमध्ये मात्र शंभर प्रतींतल्या अठ्ठावन्न बदललेल्या होत्या.

याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं : सिमिलीपालचे वाघ थोडे आहेत, बाकीच्या वाघांपासून दीर्घ काळ तुटलेले आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वीण होत आली आहे. एवढ्या गोष्टी जुळल्या की एखादा दुर्मीळ गुण निव्वळ योगायोगानेही कळपभर पसरू शकतो. काळ्या रंगाचा फायदा असलाच पाहिजे असं नाही.

योगायोगाने हे घडलं असं म्हटलं की बऱ्याच जणांना ते उत्तर टाळल्यासारखं वाटतं. तसं ते नाही. या योगायोगाचं स्वतःचं गणित आहे आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पृथ्वीवर एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या प्रजाती कशा झाल्या हेही समजत नाही, आणि आज त्या का संपताहेत हेही.

आठ दाण्यांचा खेळ

स्वयंपाकघरात करून पाहता येईल असा प्रयोग सांगतो. एका डब्यात मूग आणि मटकी निम्मे-निम्मे मिसळा. डोळे मिटून त्यातले आठ दाणे उचला. बरोबर चार मूग आणि चार मटकी येण्याची शक्यता शंभरात सत्तावीस. म्हणजे चारातल्या जवळपास तीन वेळा प्रमाण इकडे किंवा तिकडे सरकणार. समजा, पाच मूग आणि तीन मटकी आले. आता डबा रिकामा करून याच नव्या प्रमाणात, पाचास तीन, पुन्हा भरा आणि पुन्हा आठ दाणे उचला. या वेळी कदाचित सहा-दोन येतील, कदाचित परत चार-चार. असं करत राहिलात तर सरासरी दहाएक फेऱ्यांत डब्यात एकच कडधान्य उरतं. मूग उरेल की मटकी, हे आधी सांगता येत नाही. मूग मटकीपेक्षा सरस होता म्हणून उरला, असं तर मुळीच नाही. आणि एकदा मटकीचा शेवटचा दाणा गेला की पुढे कितीही फेऱ्या केल्या तरी ती परत येत नाही.

हाच खेळ आठऐवजी आठशे दाण्यांनी खेळा. निम्म्या-निम्म्यापासून सुरुवात केली तर पहिल्या फेरीत मुगाचं प्रमाण बहुतेक वेळा सत्तेचाळीस ते त्रेपन्न टक्क्यांच्या आतच राहील. एकच कडधान्य उरायला शेकडो फेऱ्या लागतील. नशीब दोन्हीकडे सारखंच आहे. फक्त मोठ्या संख्येत इकडची चूक तिकडे भरून निघते, लहान संख्येत ती तशीच राहून जाते.

प्राण्यांच्या कळपात दर पिढीला हेच घडतं. आईबापांकडच्या दोन प्रतींपैकी पिल्लात कोणती जायची, हे नशिबावर असतं. कोणतं जनावर वीज पडून मरेल, कोणाची सगळी पिल्लं पुरात वाहून जातील, कोणाला जोडीदारच भेटणार नाही, हेही पुष्कळदा गुणांवर नसतं. यामुळे जनुकांच्या निरनिराळ्या प्रकारांचं प्रमाण पिढीमागून पिढी आपोआप हलत राहतं. या हलण्याला शास्त्रज्ञ जनुकीय विचलन म्हणतात. इंग्रजीत 'जेनेटिक ड्रिफ्ट'.

नैसर्गिक निवड आणि विचलन एकाच वेळी काम करत असतात. मोठ्या कळपात निवडीचं पारडं जड असतं : थोडासा उपयोगी गुणही हळूहळू पसरतो, थोडासा अपायकारक गुण हळूहळू गाळला जातो. कळप लहान झाला की थोडा फायदा आणि थोडा तोटा या दोहोंना फारसा अर्थ उरत नाही. चांगला गुण अवघ्या एका वाईट हंगामात कायमचा नाहीसा होऊ शकतो आणि किंचित अपायकारक गुण अख्ख्या कळपाचा होऊन बसू शकतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण उत्क्रांती म्हणजे सतत सुधारणाच, असा आपल्याकडे पक्का समज आहे.

एकशेसात बाटल्यांतल्या माश्या

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात उतरतं का, हे पीटर ब्युरी या संशोधकाने फळमाश्यांवर पाहिलं. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणाऱ्या त्या चिलटाएवढ्या माश्या. त्याने डोळ्यांच्या रंगाचं एक जनुक निवडलं. त्याचे दोन प्रकार होते आणि नुसते डोळे पाहून कोणत्या माशीकडे कोणत्या प्रती आहेत हे ओळखता येत होतं. एकशेसात बाटल्यांत त्याने प्रत्येकी आठ नर आणि आठ माद्या सोडल्या. सुरुवातीला प्रत्येक माशीकडे दोन्ही प्रकारांची एकेक प्रत होती, म्हणजे सगळीकडे प्रमाण निम्मं-निम्मं. मग दर पिढीला जन्मलेल्या माश्यांतून न निवडता आठ नर आणि आठ माद्या उचलून त्यांना नव्या बाटलीत ठेवायचं, एवढंच. असं एकोणीस पिढ्या चाललं.

१९५६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस बाटल्यांत एक प्रकार पूर्ण नाहीसा झाला होता. अठ्ठावीस बाटल्यांत उलट झालं, तोच प्रकार सर्व माश्यांचा झाला होता. उरलेल्या एकोणपन्नास बाटल्या अजून मधल्या वाटेवर होत्या. अन्न, तापमान, बाटल्या, सगळं सारखं असूनही एकशेसात घराण्यांच्या एकशेसात वेगळ्या कहाण्या झाल्या.

या प्रयोगातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे. प्रत्येक बाटलीच्या आत विविधता घटत गेली. पण बाटली आणि बाटली यांच्यातला फरक वाढत गेला. एका कळपासाठी विचलन हे नुकसान आहे, आणि वेगळ्या झालेल्या अनेक कळपांमध्ये तेच विचलन वेगळेपण निर्माण करतं.

चौकट : कळपाचा खरा आकडा

कळपात डोकी किती, यापेक्षा पुढच्या पिढीत वाटा कितीजणांचा, हे विचलनाच्या हिशेबात महत्त्वाचं. दहा जनावरांच्या कळपात एकच नर सगळ्या नऊ माद्यांचा जोडीदार असेल, तर जनुकांच्या दृष्टीने तो कळप दहाचा नसून साडेतीन-चार जनावरांचा आहे, कारण पुढच्या पिढीतल्या निम्म्या प्रती त्या एका नराच्या असतात. शास्त्रज्ञ याला प्रभावी संख्या म्हणतात. प्रभावी संख्या दहा असेल तर दर पिढीला विविधतेचा विसावा हिस्सा जातो आणि वीस पिढ्यांनी जेमतेम छत्तीस टक्के उरते. ती पाचशे असेल तर त्याच वीस पिढ्यांत अठ्ठ्याण्णव टक्के शाबूत राहते. २०२२च्या गणनेनुसार भारतात ३,६८२ वाघ आहेत. आकडा दिलासा देणारा आहे. पण ते वाघ एकाच सलग रानात राहत नाहीत, आणि विचलनाचा हिशेब त्या-त्या तुटलेल्या रानापुरता मांडावा लागतो.

वादळातून वाचलेले

कळप लहान होण्याच्या दोन रीती आहेत. मोठा कळप एखाद्या संकटात मूठभरांवर येतो, नाहीतर मूठभर प्राणी मूळ कळप सोडून नव्या जागी वसतात. पहिल्या प्रकाराला अरुंद मान म्हणतात (बाटलीची मान, हे त्यामागचं चित्र), दुसऱ्याला संस्थापक परिणाम. दोन्हींत पुढच्या सगळ्या पिढ्यांना वारसा मिळतो तो त्या मूठभरांचा.

माणसांतलं याचं सर्वांत ठळक उदाहरण प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप या चिमुकल्या बेटावरचं आहे. १७७५च्या सुमारास तिथे भयंकर वादळ आलं आणि त्यानंतरच्या उपासमारीत बेटावर वीसेक माणसं उरली. त्यांत बेटाचा प्रमुख होता. रंग ओळखण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाची बिघडलेली प्रत त्याच्याकडे होती, असं मानलं जातं. एकच प्रत बिघडलेली असल्याने त्याला स्वतःला काही त्रास नव्हता. काही पिढ्यांनी त्याच्या वंशजांची आपसात लग्नं होऊ लागली, तेव्हा दोन्ही प्रती बिघडलेली मुलं जन्माला येऊ लागली. आज पिंगेलॅपच्या लोकांत शेकडा चार ते दहा जणांना कुठलाच रंग दिसत नाही आणि दिवसाचा उजेड सहन होत नाही. इतरत्र हा दोष तीस-चाळीस हजारांत एखाद्याला असतो. वादळात दुसरा कोणी वाचला असता, तर हे काही झालं नसतं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हत्ती-सील चरबीच्या तेलासाठी इतके मारले गेले, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर त्यांचे काही डझन उरले. संरक्षण मिळाल्यावर संख्या झपाट्याने वाढली आणि आज ती लाखांत आहे. १९७४मध्ये १५९ सीलच्या रक्तातली प्रथिनं चोवीस जनुकांसाठी तपासली गेली, तेव्हा कुठेच फरक सापडला नाही. संख्या परत आली, विविधता आली नाही. नवी विविधता जनुकांतल्या नव्या बदलांतूनच येते आणि त्याला हजारो पिढ्या लागतात.

दुसरा उपाय बाहेरून रक्त आणण्याचा. फ्लोरिडातल्या पँथर या मोठ्या मांजराचे १९९०च्या सुमारास वीस-तीस प्राणी उरले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांची वृषणं खाली न उतरलेली. १९९५मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी होऊन संख्या कितीतरी पट वाढली. सिमिलीपालसाठीही हाच विचार झाला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या. झीनत नव्या रानात न रमता झारखंड ओलांडून पश्चिम बंगालपर्यंत गेली. डिसेंबरच्या शेवटी बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं आणि परत आणावं लागलं. नकाशावर दोन रानं जोडणं आणि वाघिणीने ते मान्य करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

वेगळं होणं आणि परकं होणं

आता मोठा प्रश्न. बाटल्यांतल्या माश्यांत फरक पडले, तरी एकोणीस पिढ्यांनंतरही त्या सगळ्या एकाच प्रजातीच्या फळमाश्या होत्या. मग नवी प्रजाती होते कधी?

ढोबळ व्याख्या अशी : ज्यांची आपसात वीण होते आणि पुढची संततीही प्रजननक्षम असते, ती एक प्रजाती. म्हणजे नवी प्रजाती होणं याचा अर्थ दोन गटांमधला वीण-व्यवहार तुटणं. बहुतेक वेळा याची सुरुवात अगदी साध्या कारणाने होते. मध्ये नदी येते, समुद्र येतो, डोंगर येतो किंवा हवामान बदलून मधलं जंगल नाहीसं होतं. इकडची जनुकं तिकडे जाईनाशी होतात. दोन्ही बाजूंना वेगवेगळे बदल साचत जातात. काही नैसर्गिक निवडीने, काही विचलनाने.

पण नुसता फरक आणि वीण अशक्य होणं, यांत मोठं अंतर आहे. आणि इथे एक कोडं आहे ज्याने डार्विनलाही सतावलं होतं. संकरातून जन्मलेली संतती वांझ किंवा दुबळी ठरावी, असा गुण नैसर्गिक निवड का पसरवेल? त्यात तर कोणाचाच फायदा नाही. याचं उत्तर थिओडोसियस डॉबझान्स्की आणि हर्मन म्युलर यांनी १९३०-४०च्या दशकांत मांडलं. मला ते जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतं, म्हणून सावकाश सांगतो.

एकमेकांच्या साथीने काम करणारी दोन जनुकं घ्या, क आणि ख. मूळ कळपात सगळ्यांकडे क आणि ख आहेत आणि दोघांचं नीट जमतं. कळप दुभंगला. डोंगराच्या अलीकडे क बदलून नवा क झाला. त्याचं जुन्या ख शी जमतं, म्हणून तो पसरला. निवडीने किंवा निव्वळ नशिबाने. डोंगराच्या पलीकडे क तसाच राहिला, पण ख बदलून नवा ख झाला. त्याचंही जुन्या क शी जमतं. दोन्हीकडे कोणत्याही पिढीला कसलाच त्रास झाला नाही. आता हजारो वर्षांनी दोन्ही बाजूंचे प्राणी भेटले आणि पिल्लू झालं. त्या पिल्लात नवा क आणि नवा ख पहिल्यांदाच एकत्र आले. या दोघांचं जमतं की नाही, याची परीक्षा आजवर कुठल्याच शरीरात झालेली नव्हती. अशा शेकडो जोड्यांपैकी मोजक्या जरी जमल्या नाहीत, तरी पिल्लू वांझ निपजतं किंवा वाढत नाही. दोन गटांमधली भिंत कोणी बांधलेली नसते; दोघं आपापल्या घरी सुखाने बदलत गेल्याचा तो परिणाम असतो.

पक्ष्यांत ही भिंत पुष्कळदा गाण्यापासून सुरू होते. ग्रीनिश वार्बलर हा चिमणीहून लहान, हिरवट पक्षी हिवाळ्यात भारतात येतो. उन्हाळ्यात तो हिमालयापासून दोन वाटांनी उत्तरेकडे पसरलेला असतो : तिबेटच्या पठाराच्या पश्चिमेकडून मध्य आशियातून आणि पूर्वेकडून चीनमधून. दोन्ही वाटांवर उत्तरेकडे जावं तसं गाणं लांब आणि गुंतागुंतीचं होत जातं, पण दोन्हीकडे निरनिराळ्या तऱ्हेने. सायबेरियात दोन्ही टोकं पुन्हा भेटतात. तिथे पश्चिमेकडचा नर पूर्वेकडच्या नराचं गाणं ऐकूनही आपला प्रतिस्पर्धी आला असं मानत नाही, आणि दोघांची आपसात वीण जवळपास होत नाही. वाटेवरचे शेजारी-शेजारी मात्र एकमेकांना ओळखतात. नवी प्रजाती नेमकी कोणत्या गावापासून सुरू होते, असं इथे बोट ठेवून दाखवता येत नाही.

सह्याद्रीतली बेटं

समुद्रातल्या बेटांबद्दल आपण बरंच वाचतो. पण बेट व्हायला समुद्रच लागतो असं नाही. दक्षिण सह्याद्रीत सुमारे १,४०० मीटरच्या वर, थंड आणि ओल्या घळ्यांत शोला नावाची ठेंगणी रानं आहेत. तिथे राहणारे छोटे निळे पक्षी खालच्या उष्ण सपाटीत उतरत नाहीत. पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे. माणूस ती गाडीने तासाभरात पार करतो, या पक्ष्यांना ती लाखो वर्षांत ओलांडवलेली नाही. पूर्वी इतर पक्ष्यांच्या गटांत टाकलेल्या या निळ्या पक्ष्यांना व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये 'शोलिकोला' हा स्वतंत्र गट दिला. पालघाटच्या उत्तरेला निलगिरीत त्याची एक प्रजाती, पालघाट आणि शेनकोट्टाईच्या खिंडींमध्ये अन्नामलाई-पळणीच्या डोंगरांत दुसरी, आणि शेनकोट्टाईच्या दक्षिणेला अशंबूच्या डोंगरांत तिसरी. खिंडी दोन, म्हणून पक्षी तीन.

उत्तर सह्याद्रीत, म्हणजे आपल्याकडे, अशी बेटं म्हणजे जांभ्याचे सडे आणि त्यांच्या काठची रानं. पहिला पाऊस पडला की सड्यावरच्या खळग्यांत वीतभर पाणी साचतं आणि त्या थोड्या दिवसांच्या पाण्यात काही भेक आपली वीण उरकून घेतात. बेडकांची आणि भेकांची कातडी ओलावा धरून ठेवत नाही; दोन डोंगरांमधली उन्हाने तापलेली दरी ओलांडणं त्यांना पक्ष्यांपेक्षाही अवघड. कोयनेच्या परिसरातला एक लहान भेक १९६३मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. २००९मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी आंबोलीहून त्याचा जवळचा नातलग शोधला. अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे त्याला 'टायगेरिना' हे नाव मिळालं. हे दोन भेक मिळून झँथोफ्रायनी नावाचा गट बनतो आणि हा गट उत्तर सह्याद्रीखेरीज जगात कुठेही नाही. एक साताऱ्याच्या बाजूला, दुसरा सिंधुदुर्गाच्या. पावसाळ्यात धबधबा पाहायला जाणाऱ्या गाड्यांखाली आंबोलीत जे चिरडले जातात, त्यांत हा भेकही असतो.

एका पिढीत, एका चुकीने

लाखो वर्षं लागतात हा नियम वनस्पती अनेकदा मोडतात. सातारा-सांगलीकडचा खपली गहू बघा, ज्याची खीर करतात. त्याच्या पेशीत अठ्ठावीस गुणसूत्रं असतात. आपला नेहमीचा पोळीचा गहू बेचाळीसचा. गेल्या दहा हजार वर्षांत कधीतरी पश्चिम आशियात खपलीच्याच कुळातल्या गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला. त्या गवताची गुणसूत्रं चौदा. संकराला दोघांकडून निम्मी-निम्मी, म्हणजे एकवीस मिळाली. जोड्या लागेनात म्हणून असं रोप वांझच राहायचं. पण पेशी तयार होताना गुणसूत्रं दुप्पट होण्याची चूक झाली. एकवीसची बेचाळीस झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला, दाणे भरले. हे रोप आईबापांपैकी कोणाशीही नीट जुळेना, स्वतःशी मात्र उत्तम जुळे. एका योगायोगाच्या संकराने आणि एका चुकीने नवी प्रजाती झाली.

प्राण्यांत इतकं चटकन होत नाही. पण गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजरवर जे दिसलं ते थक्क करणारं आहे. हे बेट अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने तिथे १९७३पासून चाळीस वर्षं फिंच पक्ष्यांची पिढीवार नोंद ठेवली. १९८१मध्ये तिथे एक परका नर आला, स्थानिक फिंचपेक्षा मोठा आणि वेगळंच गाणारा. तो शंभर किलोमीटरहून दूरच्या एस्पान्योला बेटावरचा होता, हे नंतर जनुकांवरून कळलं. परत जाणं त्याला शक्य नव्हतं. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. फिंचची मुलं बापाकडून गाणं शिकतात, त्यामुळे ते परकं गाणं पुढे चालू राहिलं. चोचीही वेगळ्या आकाराच्या निघाल्या. २००३नंतरच्या दुष्काळात या घराण्यातले एक भाऊ आणि एक बहीण, एवढेच दोघं वाचले. त्यांनीच आपसात जोडी केली. तिथून पुढे या वंशाने बेटावरच्या इतर फिंचशी वीण केलीच नाही. काही वर्षांत ते तीसच्या आसपास झाले. ग्रँट त्यांना 'बिग बर्ड' म्हणत. एका नराचं वाट चुकणं, दुष्काळात नेमक्या दोघांचं तगणं : या घराण्याच्या प्रत्येक वळणावर नशीब उभं आहे.

तरीही एक सावधगिरी. मूठभर संस्थापकांपासून झटपट नवी प्रजाती होते, ही कल्पना अर्न्स्ट मायर यांनी १९५४मध्ये जोरात मांडली होती. नंतर प्रयोगशाळांत फळमाश्यांचे कळप वारंवार मूठभरांवर आणून पाहिले गेले. बहुतेकांत वीण तुटण्याइतका अडसर तयार झाला नाही. माझं मत या प्रयोगांच्या बाजूचं आहे. विचलन एकट्याने क्वचितच प्रजाती घडवतं. ते कळपाला वेगळ्या वाटेला लावतं. त्या वाटेवर पुढे नेण्याचं काम निवड आणि दीर्घ काळ करतात. आणि बहुतेक मूठभर कळप त्या वाटेवर थोडंसं चालून संपून जातात.

काळाचा हिशेब

शोलाच्या निळ्या पक्ष्यांना वेगळं व्हायला लाखो वर्षं मिळाली आणि त्या काळात त्यांचे कळप हजारोंचे होते. गेल्या शतक-दीड शतकात चहाचे मळे, वॅटल आणि निलगिरीची लागवड यांनी त्याच शोलांचे आणखी तुकडे केले. रॉबिन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की या नव्या तुकड्यांतल्या पक्ष्यांमध्येही जनुकीय दुरावा दिसू लागला आहे. हा दुरावा खिंडीने आणलेल्या दुराव्यासारखा नाही. इथे तुकडे लहान आहेत आणि वेळ थोडा. ब्युरीच्या बाटल्यांत झालं ते इथे उघड्या रानात सुरू झालं आहे.

महाराष्ट्राला याचा सर्वांत जवळचा दाखला माळढोकाचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, १९७९मध्ये अभयारण्य झालं तेव्हा, हे मीटरभर उंचीचे पक्षी नेमाने दिसत. आज तिथे तो दिसणं हीच बातमी होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच राज्यांतले त्रेसष्ट नमुने तपासले गेले. आईकडून येणाऱ्या जनुकांचे त्यांत फक्त तीन प्रकार मिळाले. आज देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला.

तिथे सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत रानातून गोळा केलेली अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं : नर रामदेवऱ्याचा, मादी दुसऱ्या केंद्रातली, वीर्य गाडीने नेलेलं. अशा प्रत्येक वेळी कोणत्या नराची जोड कोणत्या मादीशी लावायची, हे ठरवताना आधी दोघांचं नातं किती लांबचं आहे ते पाहावं लागतं. हाताशी असलेल्या थोड्या पक्ष्यांपैकी एखाद्याचीच पिल्लं भरमसाट वाढवणं सोपं असतं. पण प्रत्येकाची थोडी-थोडी संतती पुढच्या पिढीत जाईल, हे पाहणं जास्त गरजेचं आहे.